तान्ह्या बाळांच्या आतड्यांची तीव्र प्रथिन-ॲलर्जी : काय बंद करावे, किती काळ, आणि पुन्हा सुरू कधी करावे

अन्वयी (धागालेखिका) :

बाळाला अन्नाची ॲलर्जी आहे असे म्हटले, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अंगावर उठलेल्या गांधी, सुजलेले ओठ आणि लागलेली धाप येते. या धाग्याचा विषय त्याहून वेगळा आहे. येथे त्वचा बहुधा स्वच्छ असते, श्वास मोकळा असतो आणि सगळी उलथापालथ आतड्यात चाललेली असते. दुधातील, सोयाबीनमधील किंवा एखाद्या धान्यातील प्रथिनाविरुद्ध रोगप्रतिकार यंत्रणेच्या पेशी आतड्याच्या अस्तरात दाह निर्माण करतात. नेहमीच्या ॲलर्जीत ज्या आयजीई प्रतिपिंडांचा हात असतो, त्यांचा येथे सहसा संबंध नसतो. त्यामुळे त्रास काही मिनिटांत न होता काही तासांनी किंवा काही दिवसांनी होतो आणि अन्न व आजार यांची सांगड घालणे आई-वडिलांना अवघड जाते. लहान मुलांची आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना माझी अशा कुटुंबांशी वरचेवर गाठ पडते. उपचारांच्या ज्या भागाबद्दल फारसे बोलले जात नाही, त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

या गटात प्रामुख्याने तीन आजार येतात. पहिल्यात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते आणि शीमध्ये आव व रक्ताचे धागे दिसतात, मात्र बाळ हसते-खेळते असते आणि त्याचे वजनही वाढत असते. दुसऱ्यात लहान आतड्यातील अन्नरस शोषणारे रसांकुर झिजतात, जुलाब आठवडेच्या आठवडे चालू राहतात आणि बाळ खंगत जाते. तिसरा आजार सर्वांत गंभीर. त्याचे पूर्ण नाव फूड प्रोटीन इंड्यूस्ड एंटेरोकोलायटिस सिंड्रोम असून वैद्यकीय वर्तुळात तो एफपीआयईएस या आद्याक्षरांनी ओळखला जातो. 1970च्या दशकात जेराल्डिन पॉवेल यांनी दूध आणि सोया यांमुळे होणाऱ्या या विकाराचे सविस्तर वर्णन करून निदानासाठी अन्नचाचणीची पद्धत मांडली. निदान आणि उपचारांबद्दलची पहिली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे मात्र 2017 साली आली. मधल्या चाळीसएक वर्षांत किती बाळांना नुसताच 'पोटाचा संसर्ग' ठरवून घरी पाठवले गेले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

एफपीआयईएसचा तीव्र झटका एकदा पाहिला की विसरता येत नाही. अन्न पोटात गेल्यावर साधारण एक ते चार तासांनी उलट्या सुरू होतात, त्याही एकामागून एक, पोटात काही उरले नाही तरी कोरड्या उमाळ्यांसह. मग बाळ पांढरेफटक पडते, हातपाय सैल सोडते, हाक मारली तरी डोळे उघडत नाही. जुलाब झालेच तर ते बहुधा पाच ते दहा तासांनी होतात. दीर्घकालीन प्रकार यापेक्षा छुपा असतो. तो प्रामुख्याने गाईच्या दुधाचे किंवा सोयाचे फॉर्म्युला, म्हणजे बाळांसाठीचे डबाबंद दूध, रोज घेणाऱ्या अगदी लहान बाळांत दिसतो. अधूनमधून उलट्या, सततचे जुलाब, खुंटलेले वजन आणि रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन कमी झाल्यामुळे आलेली सूज, असे त्याचे रूप असते. दोषी प्रथिन बंद केले की हे बाळ साधारण तीन ते दहा दिवसांत सावरते. मात्र तेच प्रथिन पुढे पुन्हा दिले, तर तीव्र झटका येतो.

उपचारांचा पाया एकच : दोषी प्रथिन आहारातून काढणे. आईचे दूध चालू असेल तर ते चालूच ठेवावे. वरचे दूध लागणाऱ्या बाळाला ज्यातील प्रथिने बारीक तुकड्यांत मोडलेली असतात असे, म्हणजे एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड फॉर्म्युला दिले जाते आणि बहुतेक बाळांचे त्यावर भागते. त्यानेही त्रास थांबला नाही, वजन फारच खालावले असेल किंवा आजार सुरुवातीपासूनच तीव्र असेल, तर प्रथिनाऐवजी सुटी अमिनो आम्ले असलेले फॉर्म्युला वापरावे लागते. हायड्रोलाइज्ड फॉर्म्युला सुरू केल्यावर बाळाची शी गडद हिरवी आणि उग्र वासाची होते. लंगोट उघडताच घाबरून डबा परत करायला निघालेले पालक मी पाहिले आहेत. हा रंग अपेक्षित आहे आणि एवढ्या कारणावरून फॉर्म्युला बदलू नये.

आता माझा मुख्य मुद्दा. अन्न काढण्याचा सल्ला सगळेच देतात, परंतु ते पुन्हा कधी आणि कसे द्यायचे याची तारीख कागदावर क्वचितच लिहिली जाते. त्यामुळे काही आठवड्यांसाठी घातलेले पथ्य वर्षानुवर्षे चालते, त्यात पदार्थांची भर पडत जाते, आणि शेवटी बाळाचे जे नुकसान होते त्यात ॲलर्जीपेक्षा पथ्याचाच वाटा मोठा असतो. ज्या पथ्याला शेवट ठरवून दिलेला नाही, ते पथ्य अर्धवट लिहून दिले आहे असे मी समजते.

सायली87 :

अन्वयीताई, तुमचे शेवटचे वाक्य वाचून लिहायला बसले. माझे बाळ दोन महिन्यांचे असताना त्याच्या शीमध्ये रक्ताचे बारीक धागे दिसले. बाळ फक्त अंगावर पिते, झोप नीट आहे, वजनही व्यवस्थित वाढते आहे. मला आधी दूध आणि दुधाचे पदार्थ सोडायला सांगण्यात आले. रक्त कमी झाले, पण पूर्ण थांबले नाही, म्हणून दर भेटीत आणखी काहीतरी बंद होत गेले : सोया, अंडी, गहू, शेंगदाणे आणि इतर सुकामेवा, मासे. आता माझ्या ताटात काय उरले आहे हे सांगायचीही लाज वाटते. माझे वजन झपाट्याने उतरले, चक्कर येते आणि दूधही कमी झाल्यासारखे वाटते. आता स्तनपान बंद करून महागडे फॉर्म्युला सुरू करा, असा सल्ला मिळाला आहे. खरोखर दुसरा मार्ग नाही का?

अन्वयी :

सायली, आधी दिलासा देणारी गोष्ट सांगते. तुम्ही केलेले वर्णन पहिल्या, म्हणजे सौम्य प्रकाराशी जुळते. अशी बहुतेक बाळे वर्षाची होईपर्यंत बरी होतात. वजन वाढत असलेल्या, आनंदी बाळाच्या शीमध्ये अधूनमधून दिसणारे रक्ताचे धागे पालकांना हादरवतात हे खरे, पण केवळ तेवढ्यासाठी स्तनपान बंद करण्याचे कारण नसते.

या परिस्थितीत रूढ पद्धत अशी : आईने प्रथम केवळ गाईच्या दुधाची प्रथिने दोन ते चार आठवडे पूर्णपणे सोडायची. बाळाला त्याचा उपयोग होणार असेल, तर सहसा या काळात तो दिसतो. उपयोग झाला तरी नंतर दूध मुद्दाम पुन्हा घेऊन पाहायचे. पुन्हा रक्त दिसले तरच निदान पक्के, आणि न दिसल्यास पथ्य तेथेच संपले. या आजारात रक्त आपोआपही थांबते, त्यामुळे पथ्य सुरू करणे आणि रक्त थांबणे या दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असे धरून चालता येत नाही. तुमच्या बाबतीत दुधानंतर बंद केलेल्या एकेका पदार्थाचा फायदा झाला की नाही, हे तपासलेलेच दिसत नाही. ज्या पदार्थाने फरक पडला नाही तो परत आहारात यायला हवा होता.

पुढच्या भेटीत डॉक्टरांशी बोलून एकेक पदार्थ परत सुरू करण्याचे वेळापत्रक मागून घ्या. दूध बंद आहे तोवर तुम्हाला रोज सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळायला हवे आणि त्यासोबत ड जीवनसत्त्वही हवे. ते कोणी लिहून दिले नसेल तर मागा. चक्कर येत असल्यामुळे तुमचे हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे. आणि ताटात काय उरले याची लाज तुम्हाला वाटण्याचे काहीच कारण नाही.

बालरोग_वैद्य :

मी लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात काम करतो. लेखिकेच्या मांडणीशी सहमत आहे. तीव्र झटक्याच्या उपचारांबद्दल थोडी भर घालतो, कारण सर्वाधिक गोंधळ तेथेच होतो.

झटका आलेले बाळ आमच्याकडे येते तेव्हा ते हुबेहूब जंतुसंसर्गाने खालावलेल्या बाळासारखे दिसते. रक्तातील न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी वाढलेल्या असतात, रक्ताची आम्लता वाढलेली असते, सुमारे 15 टक्के बाळांचा रक्तदाबही उतरलेला असतो. काहींचे शरीर तापण्याऐवजी गार पडलेले असते. आधी असा झटका येऊन गेला आहे हे पालकांनी सांगितले नाही, तर आम्ही जंतुसंसर्ग गृहीत धरून तपासण्या व प्रतिजैविके सुरू करतो, आणि पहिल्या खेपेला ते योग्यही असते. यातील मुख्य उपचार सलाइन हाच आहे. बाळाच्या वजनाच्या दर किलोमागे 10 ते 20 मिलिलीटर सलाइन शिरेतून वेगाने दिले जाते आणि गरजेनुसार त्याची पुनरावृत्ती केली जाते. सहा महिन्यांवरील बाळांना उलट्या थांबवण्यासाठी ओंडान्सेट्रॉनचे इंजेक्शन उपयुक्त ठरते. फार तीव्र झटक्यात स्टेरॉइडचा एखादा डोस काही डॉक्टर देतात, पण त्यामागचा पुरावा बेताचाच आहे. ॲलर्जीचे नेहमीचे औषध, म्हणजे अँटिहिस्टामाइन, येथे कामाचे नाही. ॲड्रिनलिनचे इंजेक्शन ॲनाफिलॅक्सिससाठी, म्हणजे काही मिनिटांत जिवावर बेतणाऱ्या नेहमीच्या प्रकारच्या ॲलर्जीसाठी असते. एफपीआयईएसमधील उलट्या त्याने थांबत नाहीत.

घरी काय करावे, हे बाळाच्या स्थितीवर ठरते. एक-दोन उलट्या झाल्या असून बाळ सावध असेल, तर आईचे दूध किंवा जलसंजीवनी घोट-घोट देत लक्ष ठेवता येते. तीनपेक्षा अधिक उलट्या, सुस्ती, फिकटपणा किंवा ढिले पडलेले अंग यांपैकी काही दिसले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पूर्वीचा झटका तीव्र असेल आणि तेच अन्न चुकून पोटात गेले असेल, तर लक्षणे सुरू होण्याचीही वाट पाहू नये. आणखी एक गोष्ट : उलटी हिरव्या रंगाची असेल, तर ॲलर्जीचा विचार बाजूला ठेवावा. आतड्याला पीळ पडल्याची ती खूण असू शकते आणि त्यात प्रत्येक तास मोलाचा असतो.

तिरकस :

चर्चा माहितीपूर्ण आहे, पण मला एक प्रश्न पडतो. डबाबंद पावडरीच्या मागे लागण्याऐवजी शेळीचे दूध का देऊ नये? ते पचायला हलके असते असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. शिवाय आता बदामाचे, तांदळाचे, ओट्सचे अशी कितीतरी वनस्पतिजन्य 'दुधे' मिळतात. कंपन्यांचे खिसे भरण्याचा हा प्रकार वाटतो.

अन्वयी :

कंपन्यांविषयीची तुमची शंका अगदीच अनाठायी नाही. साध्या रडण्याला आणि दूध बाहेर टाकण्याला ॲलर्जीचे लेबल लावून विशेष फॉर्म्युला विकले जातात, अशी टीका जबाबदार वैद्यकीय वर्तुळातूनही होत आली आहे. परंतु त्यावर शेळीचे दूध हा उपाय नाही. शेळी, मेंढी आणि गाय यांच्या दुधातील प्रथिनांची घडण इतकी सारखी आहे की गाईचे दूध न सोसणाऱ्या बहुतेक बाळांना शेळीचेही सोसत नाही. शिवाय शेळीच्या दुधात फोलेट हे जीवनसत्त्व फार कमी असते. बदामाच्या किंवा तांदळाच्या पेयात तान्ह्या बाळाला पुरतील इतकी प्रथिने आणि ऊर्जा नसते. अशा पेयांवर वाढवलेल्या बाळांना तीव्र कुपोषण झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. तांदूळ आणि ओट्स हे तर एफपीआयईएसमधील नेहमीचे दोषी पदार्थ आहेत. तांदळाच्या विघटित प्रथिनांपासून बनवलेले, बाळांसाठीच तयार केलेले फॉर्म्युला मात्र वेगळे असते आणि काही देशांत ते रीतसर वापरले जाते.

लॅक्टोज-फ्री लिहिलेल्या डब्याबाबतही असाच घोळ होतो. लॅक्टोज ही साखर आहे आणि हा आजार प्रथिनाचा आहे. त्या डब्यातील दुधाची प्रथिने जशीच्या तशी असतात. अंशतः हायड्रोलाइज्ड, म्हणजे प्रथिने अर्धवटच मोडलेले फॉर्म्युलाही या उपचारासाठी चालत नाही. सोया फॉर्म्युला सहा महिन्यांखालील बाळांना सहसा सुचवले जात नाही आणि दुधाचा त्रास असलेल्या काही बाळांना सोयाही बाधते.

मेघना_आई :

आमच्या मुलीला पहिल्यांदा वरचे अन्न म्हणून तांदळाची पेज दिली तेव्हा काहीच झाले नाही. नंतरच्या खेपेला, खाऊन झाल्यावर ती नेहमीसारखी झोपली आणि दोन तासांनी उठून जी ओकायला लागली ती थांबेचना. ओठांचा रंग राखाडी झाला होता आणि मान खांद्यावर टाकून ती नुसती पडून होती. रुग्णालयात सलाइन लागल्यावर काही तासांत ती अशी खेळायला लागली, की तेथील लोकांना आमचे वर्णन अतिरंजित वाटले असावे. निदान पुढच्या झटक्यानंतर झाले. त्वचेवरची आणि रक्ताची ॲलर्जी चाचणी मात्र कोरी आली. माझे दोन प्रश्न आहेत. चाचणी कोरी असताना निदानावर विश्वास कसा ठेवायचा? आणि आता दुसरे काहीही भरवताना माझा हात थरथरतो, तर पुढचे अन्न कसे सुरू करायचे?

बालरोग_वैद्य :

मेघनाताई, त्या दोन्ही चाचण्या आयजीई प्रतिपिंडे शोधतात आणि या आजारात ती बहुधा नसतातच, म्हणून चाचणी कोरी येणे हे निदानाशी सुसंगतच आहे. एफपीआयईएसची खात्री करून देणारी एकही रक्तचाचणी आज उपलब्ध नाही. निदान होते ते तुम्ही आत्ता लिहिले तशा हकिकतीवरून : खाल्ल्यानंतर एक ते चार तासांत उलट्या, त्वचेची किंवा श्वासाची लक्षणे नाहीत, सोबत सुस्ती, फिकटपणा, सलाइनची गरज, आणि त्याच अन्नाने पुन्हा झटका. त्यामुळे काय खाल्ले, किती वाजता, पहिली उलटी किती वाजता आणि बाळाचा रंग कसा होता, एवढे लिहिलेला कागद मला अनेक अहवालांपेक्षा अधिक उपयोगी वाटतो. जमल्यास झटक्याच्या वेळचे छायाचित्र किंवा चित्रफीत ठेवावी. काही तासांनी बाळ खडखडीत बरे दिसते आणि मग कोणाचा विश्वास बसत नाही, हा तुमचा अनुभव सार्वत्रिक आहे. काही मुलांत पुढे आयजीई प्रतिपिंडेही तयार होतात, विशेषतः दुधाच्या बाबतीत, आणि अशा मुलांचा आजार अधिक काळ रेंगाळतो. म्हणून अन्न पुन्हा देण्याआधी ती चाचणी करण्याला अर्थ आहे.

अन्वयी :

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते. बहुतेक मुलांना एकाच पदार्थाचा त्रास असतो, हे आधी मनाशी धरा. भीतीपोटी वरचे अन्न लांबवू नये. सहा महिन्यांनंतर केवळ दुधावर राहिलेल्या बाळात लोह आणि जस्त कमी पडते, आणि घन अन्न चावण्या-गिळण्याचे कौशल्य शिकण्याचा काळ हातचा जातो. मग ते मूल तोंडात चमचा घेतच नाही. हे नंतर दुरुस्त करायला फार कष्ट पडतात.

तांदळाचा त्रास असलेल्या बाळाला ओट्सचाही होऊ शकतो, म्हणून ओट्स सध्या बाजूला ठेवा. सुरुवात फळे आणि भाज्यांपासून करा, मग लोहयुक्त पदार्थांकडे वळा. एका वेळी एकच नवा पदार्थ, सकाळच्या वेळी, अगदी थोड्या प्रमाणात द्या, म्हणजे पुढचे काही तास बाळ जागे आणि तुमच्या नजरेसमोर राहील. ज्या पदार्थांनी त्रास होण्याचा धोका अधिक असतो, त्यांपैकी नवा पदार्थ देताना किमान चार दिवसांचे अंतर ठेवा. तुमच्या मुलीला पहिल्या खेपेला काही झाले नव्हते, म्हणून एकदाच देऊन निर्धास्त होऊ नये. पदार्थ अनेकदा देऊन, मात्रा वाढवत नेऊन तो सोसतो हे पाहावे. एका गटातील एखादा पदार्थ नीट सोसला तर त्याच गटातील इतरही बहुधा सोसतात, त्यामुळे ही वाट वाटते तितकी लांब नसते. तरीही हात थरथरत असेल, तर धोक्याच्या पदार्थाचा पहिला घास रुग्णालयात देखरेखीखाली देण्याची विनंती करता येते. तीव्र झटका येऊन गेलेल्या बाळांसाठी ती रास्त मागणी आहे.

कुतूहल :

दोषी अन्न पुन्हा देण्याची चाचणी प्रत्यक्ष कशी होते? आणि आजार किती वर्षांनी जातो? बिस्किटापासून सुरुवात करून घरीच पायरीपायरीने दूध वाढवण्याची एक पद्धत वाचनात आली होती.

बालरोग_वैद्य :

ती पायऱ्यांची पद्धत सौम्य, उशिरा लक्षणे दाखवणाऱ्या दूध-ॲलर्जीसाठी आहे. एफपीआयईएससाठी ती घरी वापरू नये.

एफपीआयईएसमध्ये शेवटच्या झटक्यानंतर साधारण 12 ते 18 महिन्यांनी रुग्णालयात चाचणी घेतली जाते. बऱ्याच ठिकाणी आधीच शिरेत सुई लावून ठेवतात. बाळाच्या वजनाच्या दर किलोमागे बहुधा 0.3 ग्रॅम प्रथिन भरेल इतके अन्न मोजून त्याचे तीन समान भाग करतात आणि ते अर्ध्या तासात भरवतात. एकूण प्रथिन 3 ग्रॅमच्या वर नेले जात नाही. त्यानंतर चार ते सहा तास बाळावर नुसती नजर ठेवायची. पालकांना हा काळ फार जड जातो, तेव्हा सोबत बाळाची खेळणी आणि स्वतःसाठी काहीतरी वाचायला आणावे. पूर्वी फारच तीव्र झटका आलेला असेल तर मात्रा आणखी कमी ठेवतात. आजार जाण्याचे वय पदार्थानुसार आणि मुलानुसार बदलते. दूध व सोयाचा त्रास अनेकांचा तीन ते पाच वर्षांपर्यंत जातो, माशांचा अधिक काळ टिकू शकतो. प्रोबायोटिक (आतड्याला उपयोगी जिवाणू) दिल्याने आजार लवकर जातो असे म्हणण्याइतका पुरावा आजमितीस नाही.

सायली87 :

दोघांचेही आभार. डॉक्टरांकडे जाऊन आले. दूध सोडून बाकी सगळे एकेक करून परत सुरू करायचे ठरले आहे, पहिल्यांदा गहू. रक्त तपासणीत लोह कमी निघाले, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. दूध परत घेऊन पाहण्याची तारीखही लिहून घेतली. आता एक व्यावहारिक प्रश्न : काही महिन्यांनी मी कामावर रुजू झाल्यावर बाळ दिवसभर पाळणाघरात राहील. तेथे काय सांगून ठेवावे?

अन्वयी :

सायली, तुमच्या बाळाचा आजार सौम्य आहे, त्यामुळे कोणता पदार्थ द्यायचा नाही आणि तो कोणत्या नावांनी दडलेला असतो, एवढे लिहून दिले तरी पुरे. वेष्टनावर केसीन, केसिनेट, व्हे, दूध पावडर किंवा ताक पावडर असे काही लिहिले असेल तर त्यात दुधाची प्रथिने आहेत. हे शब्द मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरात लावायला सांगा.

मेघना, तुम्हाला मात्र डॉक्टरांच्या सहीचे पत्र लागेल. त्यात आजाराचे पूर्ण नाव, दोषी पदार्थ, अन्न गेल्यावर किती वेळाने काय दिसते, तशी वेळ आल्यास सलाइन लागते, आणि अंगावर गांधी नसल्या तरी हा ॲलर्जीचाच झटका आहे, हे स्पष्ट शब्दांत असावे. एक प्रत पाळणाघरात, एक बाळाच्या पिशवीत आणि एक फोनमध्ये ठेवा. तातडीच्या विभागात पोहोचल्यावर बोलत बसण्याऐवजी तो कागद आधी पुढे करा. दर भेटीत वजन बदलते तशा औषधाच्या मात्राही बदलतात, म्हणून पत्रावरची तारीख जुनी झाली की ते नव्याने लिहून घ्या.